होडीत वाजलेला फोन

ईस्टरचा सोमवार मी घरासाठी राखून ठेवतो. पवित्र आठवडाभर उभं राहून पाय भरून आलेले असतात, घसा बसलेला असतो. मग मनोरीला आईकडे जायचं, फुगे म्हणजे आमचे तळलेले गोल पाव आणि बाटली मसाल्यातलं मटण खायचं आणि दुपारी ताणून द्यायची. 21 एप्रिल 2025 ला पानावर बसलो आणि बातमी आली, पोप फ्रान्सिस गेले. आई म्हणाली, "कालच तर सज्जात दिसले होते रे." मी हात धुतले. कुठे निघालास, हे तिने विचारलंही नाही.

मार्वेच्या होडीत बसेपर्यंत फोन सुरू झाले होते. एका वाहिनीची तरुण वार्ताहर विचारत होती, "फादर, अस्थी रोममध्येच ठेवणार का?" आमच्यात दफन करतात, हे मी तिला सांगितलं. ती ओशाळली. मला तिचा राग आला नाही. दहा मिनिटांत तिला कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं होतं आणि तिच्या हातात मराठीत लिहिलेला एक कागद नव्हता. तो कागद देणं हे माझं काम.

शेजारी रिकामी पाटी घेऊन एक मावशी बसल्या होत्या. सगळं ऐकत होत्या. "फादर, मग आता मोठा कोण?" मी म्हटलं, "मावशी, खुर्ची रिकामी आहे. जगभरातले ऐंशी वर्षांच्या आतले कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचे धर्मगुरू, रोमला जमतील, दार लावून घेतील, चिठ्ठ्या टाकतील. एकाला दोन तृतीयांश मतं पडली की पांढरा धूर."

"आणि नाय पडली तर?"

"काळा."

त्यांनी मान डोलावली. त्या संध्याकाळी प्रत्येक वाहिनीला मी हेच, याच शब्दांत सांगितलं.

अठरा वर्षं मी चर्चच्या जनसंपर्काचं काम करतोय. आर्चबिशपांच्या पत्राने नेमणूक झाली तेव्हा मी फार खट्टू झालो होतो. मला आजाऱ्यांच्या उशाशी बसायचं होतं, मयताच्या घरी जायचं होतं, पोरांना बाप्तिस्मा द्यायचा होता. मिळालं टेबल, कॉम्प्युटर आणि प्रेसनोटांची थप्पी. घरी वसईचं 'सुवार्ता' मासिक यायचं, तेवढाच आधार. फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे संपादक होते. धर्मगुरू इतकं सहज मराठी लिहू शकतो, हे मी त्यात पाहिलं. 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. 25 जुलै 2024 ला ते गेले, तेव्हा एकाही मराठी पत्रकाराला मला काही समजावून सांगावं लागलं नाही. धर्मगुरू, मिस्सा, दफन, सगळे शब्द त्यांच्याकडे आधीच होते. आयुष्यभर मराठीत लिहिणाऱ्या माणसाने ते दिले होते.

आपल्या चर्चची इंग्रजी प्रेसनोट सकाळी निघते आणि मराठी भाषांतर दुपारी. तोवर बातमी लागून गेलेली असते, मग चुकांबद्दल आपण हळहळतो. हे मला वर्षानुवर्षं टोचत होतं.

म्हणून कॉन्क्लेव्हच्या, म्हणजे पोप निवडायच्या त्या बंद दाराआडच्या बैठकीच्या आधी मी मराठी नोट लिहून ठेवली, थेट मराठीत. मतदार कार्डिनल 133, त्यात भारतातले चार, बहुमताला 89. आपले मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस ऐंशीच्या पुढचे, म्हणून मत देणार नाहीत. शेवटून दुसरी ओळ: 'नवे पोप ______ या नावाने ओळखले जातील.'

8 मे. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजून गेले आणि चिमणीतून पांढरा धूर आला. नाव कळायला आणखी तासभर गेला. रॉबर्ट फ्रान्सिस प्रीव्होस्ट, लिओ चौदावे. मी रिकामी जागा भरली आणि मराठी नोट पाठवली. इंग्रजी त्यानंतर.

दोन मिनिटांत अस्थींबद्दल विचारणाऱ्या त्याच मुलीचा मेसेज आला. "फादर, 'लिओ' की 'लेओ'?"

"लिओ," मी लिहिलं.