तुम्ही विचारलंत म्हणून: मग पोर्शन कधी संपतो?

शिक्षण परिषदेत, कुणाच्या लग्नात, एसटीच्या रांगेत, कुठेही एखादे गुरुजी भेटले की हाच प्रश्न येतो: "बाई, तुम्ही म्हणे मुलांकडून विज्ञानातलं सगळं हाताने करून घेता. मग पोर्शन कधी संपतो?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. संपतो. पण प्रत्येक धड्याला सारखा वेळ द्यायला बसलं, तर मात्र संपत नाही.

सातवीच्या वर्गात मी काडेपेट्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, म्हणजे व्हॉल्व्हवर चढवायची बारीक रबरी नळी, घेऊन जाते. काड्यांचं गुल आधीच खरवडून टाकायचं. ट्यूबचे दीडेक सेंटिमीटरचे तुकडे कापायचे आणि तुकड्याच्या दोन तोंडांत दोन काड्या खोचल्या की झाला सांधा. ही युक्ती माझी नाही. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या शाळांत १९७२ साली 'करून शिका' पद्धतीचा विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. पुण्याला टेल्कोत नोकरी करणारे इंजिनिअर अरविंद गुप्ता १९७८ मध्ये वर्षभराची सुट्टी घेऊन तिथे गेले आणि काड्या-ट्यूबचं हे जोडकाम त्यांनी तिथे उभं केलं.

मुलं आधी चौकोन करतात. बोटाने जरा ढकलला की तो कलंडतो. "ट्यूब सैल आहे, बाई!" मी गप्प बसते. मग काड्या आणखी आत दाबल्या जातात, ट्यूब बदलून होते, शेजारच्याची काडी पळवली जाते. चौकोन कलंडतोच. त्रिकोण मात्र काडी निसटेपर्यंत जागचा हलत नाही. एव्हाना कुणीतरी चौकोनात तिरकी काडी घालायला जातं आणि ती आखूड पडते. बाजू चार सेंटिमीटरची असेल तर कर्णाला साडेपाचहून जरा जास्त लागतं. खराट्याची काडी मोडून, मोजून बसवावी लागते. गणिताच्या तासाचा पायथागोरस इथेच उरकतो. पोर्शनचा हिशेब मांडताना हा तास कुणी धरत नाही, एवढीच माझी तक्रार.

वेळ जातो तो या चुकांमध्ये, आणि शिकणंही तिथेच होतं. बाजारातलं तयार किट आणलं की सगळे भाग बिनचूक बसतात, पालक खूश होतात, फोटोही छान येतो. पण बिघाड शोधायची पाळीच कुणावर येत नाही, म्हणून मला ती किटं नकोत. आणखी एक अट मी घालते: सामान मोजून मिळेल. काड्या हव्या तेवढ्या दिल्या की पोरं नुसता ढीग रचतात. मोजून दिल्या की कुठली काडी काढली तरी चालेल, यावर भांडतात. इंजिनिअरिंग म्हणतात ते साधारण हेच.

त्यानंतर वर्गाबाहेर जायचं. सायकलची फ्रेम, शाळेच्या पत्र्याच्या शेडची कैची (छप्पर पेलणारी त्रिकोणांची चौकट), शेतावरचं लाकडी फाटक. फाटकाची तिरकी पट्टी कुठून कुठे जाते ते बघायला सांगते. बिजागरीच्या बाजूला खालून निघून कडीच्या बाजूला वर गेली, तर फाटकाचा भार पट्टीवर दाबून बसतो. उलटी लावली तर पट्टीवर ताण येतो, खिळे हळूहळू सुटतात आणि फाटक लोंबकळतं. गावात उलट्या पट्टीची फाटकं बरीच सापडतात. मुलं मालकांना तसं तोंडावर सांगूनही येतात. मग मालक शाळेत येतात, ते निस्तरायचं काम माझं.

विजेच्या धड्यालाही असाच भरपूर वेळ देते. सेल, टॉर्चचा बल्ब आणि वायरचा एकच तुकडा हातात दिला की वहीत सुबक आकृती काढणाऱ्यांचीही पंचाईत होते. बल्बला जोडायच्या जागा दोन, एक बुडाची टिकली आणि दुसरी बाजूचं धातूचं टोपण, हे आकृतीत कुणी नीट पाहिलेलंच नसतं.

आता पेशीचा धडा. शाळेत सूक्ष्मदर्शक एकच, त्यापुढे पोरांची ही लांब रांग. तो धडा मी सरळ फळ्यावर आकृती काढून, प्रश्नोत्तरं लिहून देऊन आटोपते. तुमच्या शाळेत चार सूक्ष्मदर्शक असतील तर तुम्ही तो करून घ्या आणि दुसरा कुठला तरी फळ्यावर उरका.