चार सुट्या टापा
आज पहिल्यांदा आइसलँडिक घोड्यावर बसले. घरी येऊन तीन तास झाले, तरी कानात त्याच्याच टापा आहेत.

दुडकी म्हणजे रिकिबीत उठबस, हे माझ्या अंगवळणी पडलेलं. दुडकीत कर्णरेषेतले दोन-दोन पाय एकत्र पडतात, मध्ये क्षणभर चारही खूर हवेत असतात आणि खाली येताना हादरा थेट कमरेला बसतो. आज शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, "उठू नकोस. नुसती बस आणि ऐक." मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. चार वेगळ्या टापा, सारख्या अंतराने. हीच टोल्ट, या घोड्याची खास चाल! एक तरी खूर सतत जमिनीवर, म्हणून पाठ उसळत नाही. क्रम साध्या चालण्याचाच, वेग मात्र केवढा! आयाळ उडत होती आणि मी खोगिरात स्थिर.

मारवाडी घोड्याची रवाल, पासो फिनो जातीच्या घोड्याची बारीक पावलं, अशा खास चालींबद्दल आता वाचत बसलेय. २०१२ मध्ये कळलं की डीएमआरटी३ या जनुकातल्या एका बदलाचा याच्याशी संबंध आहे. मज्जारज्जूतून होणारं पायांचं नियंत्रणच त्याने बदलतं. अर्थात तालीम लागतेच, आणि स्वाराचे हातही. मध्येच घाबरून मी लगाम आवळला, तर एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकत्रच पडायला लागले. हात सैल केले, मान थोपटली. हळूहळू चारही टापा पुन्हा सुट्या झाल्या.