उशीचे कान

सोफ्यावरची शोभेची उशी झोपायला लहान आणि टेकायला मऊ. कुणी बसायला आलं की आधी तिलाच उचलून बाजूला करावं लागतं. तरीही ती नसली तर सोफा उघडाबोडका वाटतो.

शिवायला ती सोपी वाटते. दोन चौकोन सुलट बाजू आत ठेवून जोडले, उलटवले, झालं. पण भरून ठेवली की पोट फुगतं, कडा आत ओढल्या जातात आणि चारी कोपरे मांजराच्या कानांसारखे टोकदार, रिकामे उभे राहतात. टीप कितीही सरळ असली तरी हे होतंच, कारण भरण टोकापर्यंत पोचत नाही. म्हणून चौकोनी दिसायला हवी ती उशी नेमकी चौकोनी कापायची नसते. १६ इंची अभ्र्याला चहूबाजूंनी अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेली जादा कड, धरून १७ इंचांचा चौकोन कापावा. मग प्रत्येक कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना ४ इंचांवर खडूची खूण करावी, आणि टोकाशी दोन्हीकडून अर्धा इंच आत तिसरी. खुणा तिरक्या रेघेने जोडून बाहेरची निमुळती चिंधी काढून टाकावी. कापलेला तुकडा बघून हात चुकला असं वाटतं. भरल्यावर तोच चौकोनी दिसतो.

आतली उशी १८ इंचांची घ्यावी. मापाला माप घेतलं की महिन्याभरात अभ्रा सैल पडतो. स्वतः फायबर भरणार असाल तर ते पिंजून घ्यावं आणि आधी कोपरे भरावेत. मधून सुरुवात केली की गोळे होतात आणि कोपरे उपाशी राहतात.

पाठ पाकिटासारखी करणं सगळ्यात निर्धास्त. १७ बाय साडेअकरा इंचांचे दोन तुकडे घ्यायचे, दोन्हींची एकेक लांब कड अर्धा-अर्धा इंच दोनदा दुमडून शिवायची. ते ४ इंच एकमेकांवर येतात. हे अंतर कमी केलं तर उशी फटीतून डोकावते. चेनच हवी असेल तर १४ इंची, खालच्या कडेला, सगळ्यात आधी. उरलेल्या तीन बाजू शिवण्यापूर्वी ती अर्धी उघडायला विसरू नये, नाहीतर रनर आत आणि आपण बाहेर! मग उसवण्यावाचून गत्यंतर नाही.

कडेने गोट, म्हणजे शिवणीत बसवलेली कापडी किनार, लावायचा तर पट्टी उरेबच, म्हणजे कापडाच्या तिरक्यात कापलेली हवी. सरळ कापलेली पट्टी कोपऱ्यावर वळत नाही, चुण्या पडतात. वळणावर गोटाच्या मायेला दोन-तीन काप द्यावेत, आणि जोड कोपऱ्यावर कधीच आणू नये.

मखमल हे वेगळंच प्रकरण. दोन्ही तुकड्यांची लव एकाच दिशेला हवी, नाहीतर एक बाजू फिकी दिसते. शिवताना वरचा थर सरकतो. तिथे टाचण्यांवर विसंबू नये, आधी धावदोरा घालावा.

उलटवण्यापूर्वी कोपऱ्याची माया टिपेपासून २ मिलिमीटर सोडून छाटावी. टोक बाहेर काढायला विणकामाची जाड सुई घ्यावी. कात्री घातली की टोक फाटतं, आणि तिथे रफूही लपत नाही.

एवढं करून उशी सोफ्यावर मांडली की घरातलं कुणीतरी, हल्लीची पद्धत म्हणून, तिच्या माथ्यावर हाताची कड मारून मधोमध खळगा पाडतं. फायबरची असेल तर ती थोड्या वेळाने सावरते. पिसांची तशीच राहते, दोन्ही कान वर करून.