मीटरमध्ये वाफ धरलीय? सिलिकॉनची ट्यूब आधी खाली ठेवा

जुलै लागला की आमच्या चिपळूणला कुठल्याही गॅरेजच्या बाकड्यावर जाऊन बसा, तासाभरात एकतरी जण आपल्या दुचाकीच्या मीटरवर (स्पीडोमीटरवर) बोट ठेवून विचारणारच, "आतून वाफ धरलीय, काय करू?" आणि मग सल्ले सुरू. तांदळात ठेव, हेअर ड्रायर मार, चारी बाजूंनी सिलिकॉन (फटी बुजवायची चिकट पेस्ट) फिरव. हा शेवटचा सल्ला सगळ्यात ठामपणे दिला जातो आणि माझ्या मते तोच सगळ्यात वाईट आहे.

कारण असं की बहुतेक मीटर मुळात हवाबंद नसतातच. मागच्या बाजूला खाली तोंड केलेलं बारीक भोक, नाहीतर छोटी नळी, किंवा नवीन गाड्यांत हवा सोडणारी पण पाणी अडवणारी जाळीची टिकली असते. गाडी उन्हात उभी राहिली की आतली हवा तापते, फुगते, थोडी बाहेर पडते. मग अचानक सर येते आणि मीटर गार पडतो. समजा आतली हवा साठ अंशांवरून पंचवीसवर आली, तर दाब साधारण दहा टक्क्यांनी पडतो आणि मीटर बाहेरची हवा आत ओढतो. भोक मोकळं असेल तर तिथून हवा जाते, विषय संपला. पण तुम्ही ते बुजवलंत तर मीटर ओढ घेणार काचेच्या सांध्यातून, आणि त्या सांध्यावर त्या वेळी काय असतं, पावसाचं पाणी. म्हणजे सिलिकॉन लावून आपण पाणी आत खेचायची सोयच करून देतो, वर आत गेलेली ओल बाहेर पडायचा रस्ताही बंद.

आणि आपल्याकडची हवा तर विचारूच नका. तीस अंश तापमान आणि ऐंशी टक्के आर्द्रता धरली (कोकणात पावसाळ्यात हे अगदी रोजचं आहे) तर दंव धरायला काच फक्त सव्वीस अंशांपर्यंत उतरायला लागते. चारच अंश! कुंभार्ली घाट चढायला लागलात, समोरून गार वारा आणि पाऊस काचेवर बसला, की वाफ धरलीच म्हणून समजा. हेडलाइटच्या काचेत पण हेच होतं, त्याचं कुणाला एवढं वाटत नाही कारण तो आपल्या डोळ्यांसमोर नसतो.

त्यामुळे आधी एवढंच बघा की आत वाफ आहे का पाणी. पातळ धुकं, काचेच्या एका कोपऱ्यात, गाडी चालवल्यावर किंवा ऊन लागल्यावर अर्ध्या-पाऊण तासात जातंय, तर त्याला हात लावू नका. पण थेंब दिसतायत, खालच्या कडेला पाण्याची रेघ आहे, दोन-दोन दिवस जात नाही, डिजिटल आकड्यांचे तुकडे गायब होतायत किंवा काटा अडकतोय, तर पाणी कुठूनतरी आत जातंय आणि ती जागा शोधायला लागेल.

माझ्या बघण्यात तरी पावसापेक्षा वॉशिंग सेंटरची प्रेशर गन जास्त मीटर मारते. पाऊस वरून पडतो, गनचा फवारा हँडलच्या खालून, थेट त्या भोकात आणि वायरिंग जिथे आत शिरते त्या रबरी बुचात. धुणाऱ्या पोराला आधीच सांगायचं, मीटर आणि स्विचवर गन नको, बादली आणि फडकं चालेल. तो हो म्हणेल, तरी तिथेच उभं राहा. दुसरी गोष्ट म्हणजे कव्हर. ओल्या गाडीवर प्लास्टिकचं कव्हर टाकून रात्रभर ठेवणं म्हणजे मीटरला वाफारा देणं.

जुनी केबलवाली गाडी असेल (चाकाचं फिरणं तारेने मीटरपर्यंत नेणारी) तर केबल आधी तपासा. तिचं बाहेरचं कव्हर कुठे चिरलं असेल तर पाणी आत शिरतं, आणि आतली तार फिरताना पाणी काय, ग्रीससुद्धा वर चढवते. म्हणून ग्रीस करताना मीटरकडची शेवटची चार-सहा इंच तार कोरडी सोडायची.

वॉरंटी संपलेली असेल तर मीटर खोलायला हरकत नाही, मागे स्क्रू असतील तर. काही जुन्या गोल मीटरना स्टीलची रिंग दाबून बसवलेली असते, ती उचकटली की परत नीट बसत नाही, त्या वाटेला जाऊ नका. मी मागे एका मित्राच्या गाडीचा मीटर खोलला तेव्हा काच साफ वाटत होती, पण आत सर्किटच्या खालच्या कोपऱ्यात, बरोबर कपलरच्या (वायरिंग जोडायच्या प्लगच्या) पिनांपाशी, हिरवट पावडर जमली होती आणि तिथून वर जाणारी पिवळसर पाण्याची खूण, म्हणजे पाणी किती उंचीपर्यंत साठत होतं तेच दिसत होतं. भोक बघितलं तर मातीने गच्च, वर कुठल्यातरी किड्याचं घरटं. भोक सुईने मोकळं केलं, पिना आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासल्या, रबरी बूच बदललं. हे अल्कोहोल फक्त पिनांना आणि सर्किटला हां, डिस्प्लेला नाही. काच पेट्रोलने तर मुळीच पुसू नका, ती प्लास्टिकची असते, बारीक तडे जातात.

वाळवायला हवाबंद डबा आणि सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे), रात्रभर. जेल निळं असेल तर ओल प्यायल्यावर गुलाबी होतं, केशरी असेल तर हिरवं, मग तापवून परत वापरा. तांदूळ नको, पावसाळ्यात तो स्वतःच दमट असतो आणि पीठ आत जातं ते वेगळंच. हेअर ड्रायरने डिस्प्ले काळा पडू शकतो. आणि सांधा खरंच फुटलाय म्हणून सिलिकॉन लावायचंच असेल तर तेवढ्याच भेगेला लावा आणि व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका, त्यातल्या ॲसिडने तांबं गंजतं. न्यूट्रल म्हणून मिळतं ते घ्या.

वॉरंटीत असाल तर मात्र स्क्रूला हातच लावू नका. फोटो आणि व्हिडिओ त्याच वेळी काढा, चावी चालू, किलोमीटर दिसतायत असा, कारण शोरूमला पोहोचेपर्यंत ऊन पडतं, काच स्वच्छ होते आणि सर्व्हिसवाले म्हणतात "सर, इथे तर काहीच नाही". जॉब कार्डवर तक्रार लिहून घ्या, नुसतं तोंडी नको. मीटर बदलून दिलाच तर बरेचदा नवा शून्यापासून सुरू होतो, म्हणून जुन्या मीटरचं रीडिंग आणि बदलल्याची तारीख बिलावर शिक्क्यासकट मागून घ्या, नाहीतर गाडी विकताना गिऱ्हाईक तुमच्याकडेच संशयाने बघणार.