आमची वाटचाल : टाक्यांकडून स्विमिंग पूलकडे, आणि मधली चिकणमाती

आमचं मूळ काम जमिनीखालच्या आरसीसी (लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या) टाक्यांचं. अलिबाग-मुरूडकडे शेतघरं उभी राहू लागली तशी स्विमिंग पूलची विचारणा सुरू झाली. ती दापोली, गुहागर करत मालवणपर्यंत सरकली आणि तिच्यामागे आम्हीही. आमच्या लेखी पूल म्हणजे बिनझाकणाची टाकी. आतलं पाणी बाहेर जाता कामा नये, बाहेरचं आत येता कामा नये, आणि बाहेरच्या पाण्याने अख्खी टाकीच वर उचलली जाता कामा नये. कोकणात सगळ्यात जास्त पूल या तिसऱ्या कारणाने वाया जातात.

गिऱ्हाईक विचारतं, आरसीसी करू, फायबरचं तयार कवच बसवू की लायनर (आतून अंथरायचा प्लास्टिकचा पडदा) टाकू? आम्ही उलट विचारतो, शेजारच्या विहिरीला ऑगस्टमध्ये पाणी किती वर येतं? मे महिन्यात खोदलेला खड्डा कोरडा ठणठणीत असतो, त्यावर काहीही ठरवू नये. विहीर जवळ नसेल तर मेमध्येच अडीच मीटर खोल बोअर मारून त्यात भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप उभा करतो, भोवती बारीक खडी भरतो आणि पावसाळाभर दर आठवड्याला पाण्याची पातळी मोजायला सांगतो. एक पावसाळा थांबायची तयारी नसेल तर पाणी जमिनीच्या पातळीपर्यंत येतं असं धरूनच डिझाइन करावं.

माती सगळीकडे सारखी नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वरचा जांभा (तांबडा सच्छिद्र दगड) फोडला की खाली पांढरट, गुलाबी, पिवळसर चिकणमाती लागते. ती फारशी फुगत नाही. पण पाणी लागलं की लोणी होते आणि कडा ढासळतात. खाडीकाठच्या खाचरांतली, खारजमिनीतली काळपट माती मऊ, खारट आणि भिजली-सुकली की हलणारी. ओळखायला साधी चाचणी आहे. माती ओव्हनमध्ये सुकवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळायची. १० ग्रॅम माती पाण्याच्या मोजपात्रात, १० ग्रॅम रॉकेलच्या. ढवळून हवेचे बुडबुडे काढायचे आणि २४ तास ठेवायची. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींतला फरक रॉकेलमधल्या आकारमानाच्या ५० टक्क्यांवर गेला, तर भिंतीवरचा दाब आणि भोवतालची फरशी या दोन्हींचा वेगळा विचार करावा लागतो.

आता वजनाचा हिशोब. उदाहरणाला एक पूल घेऊ, आतून ८ बाय ४ मीटर, खोली १.४ मीटर. भिंती आणि तळ २०० मि.मी. आरसीसी. काँक्रीट साधारण १४ घनमीटर, म्हणजे ३५-३६ टन. प्लास्टर-टाइल्स धरून ४० टन. बाहेरून माप ८.४ बाय ४.४, जमिनीपासून तळाच्या खालपर्यंत १.६ मीटर. पाणी जमिनीच्या पातळीला आलं तर वर ढकलणारा जोर ५९ टन. भरलेल्या पुलात आणखी ४५ टन पाणी असतं, त्यामुळे तो हलत नाही. तोच पूल रिकामा केला तर पाणी जमिनीखाली अर्ध्या मीटरवर पोचताच होडीसारखा उचलला जातो. एक कोपरा आधी उठतो, पाइप तुटतात, तळाला आडवी भेग जाते, आणि पूल पुन्हा खाली बसत नाही. कारण खालच्या पोकळीत चिखल शिरलेला असतो.

पूल मऊ मातीत खचेल ही भीती मात्र बहुतेक वेळा उगाचची. काढलेली माती शंभर टनांच्या पुढे असते, भरलेला पूल ८५ टन. जमिनीवरचं ओझं उलट कमी होतं.

हाच हिशोब फायबरच्या तयार पुलाला लावा. याच मापाचं कवच साधारण टनभर. तळाखाली ३-४ सेंटिमीटर पाणी साचलं तरी रिकामं कवच तरंगायला पुरे. कडेला काँक्रीटचा पट्टा आणि तळाखाली निचरा असेल तरच ते कोकणात टिकतं. भरणी करताना आत पाणी आणि बाहेर भर एकाच पातळीने चढवायची, नाहीतर बाजू आत दबते. भर बारीक खडीची; उकरलेली माती परत टाकायची नाही. शिवाय चार मीटर रुंदीचं अखंड कवच घाट उतरून येईलही, पण वाडीत शिरणार कुठून? पाखाडीच्या (अरुंद पायवाटेच्या) तोंडाशी क्रेन उभी राहत नाही. दोन तुकड्यांत आणून जागेवर जोडलेल्या कवचाचा सांधा आम्हाला पटत नाही.

लायनरचा फायदा म्हणजे भिंत थोडी हलली तरी तो फाटत नाही. पण मागून पाणी आलं की तळाला फुगतो आणि पडलेल्या सुरकुत्या जात नाहीत. पत्र्याच्या पॅनेलच्या भिंती समुद्राच्या हवेत गंजतात, त्या इथे नकोच. जुन्या आरसीसी पुलाला केसासारख्या भेगा असतील तर दीड मि.मी.चा जाळीदार पीव्हीसी पडदा हा चांगला उपाय आहे, तोही बाहेरच्या पाण्याला आधी वाट काढून दिल्यावर.

चिऱ्याच्या (जांभ्याच्या घडीव दगडाच्या) भिंती बांधून आतून प्लास्टर करा, असं गावोगाव सुचवलं जातं. चिरा पाणी पितो आणि ताण घेत नाही. बाहेरून शोभेला लावा, पाणी अडवायला नको.

म्हणून चिकणमातीत आम्ही आरसीसीच सुचवतो, आणि शक्य तिथे ४५० मि.मी. जमिनीच्या वर काढलेला. वर काढला की उचलणारा जोर ५९ वरून ४२-४३ टनांवर येतो. तळाचा स्लॅब भिंतीबाहेर ३०० मि.मी. वाढवला तर त्यावर बसणारी माती आणखी ८ टनांची भर घालते. आता रिकामा पूलही जागचा हलत नाही. वर आलेल्या भागाला मागून मातीचा आधार नसतो, तेव्हा भिंतीचं स्टील दोन्ही बाजूंच्या दाबासाठी डिझाइन करून घ्यावं. कठड्यावर बसता येतं हा वरचा फायदा. मोबाइलवर जमिनीलगतच्या पुलाचा फोटो दाखवणाऱ्यांना वर काढलेला पूल पटवायला मात्र वेळ लागतो.

खोदाई दिवाळीनंतर. जेसीबीने शेवटचे १५० मि.मी. सोडायचे, ते हाताने काढायचे, कारण बकेटचे दात तळाची माती सैल करतात. तळ उघडा ठेवायचा नाही. जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), २०० मि.मी. खडी आणि त्यात ११० मि.मी.चा भोकांचा पाइप त्याच दिवशी, वर प्लास्टिक कागद आणि १०० मि.मी. पीसीसी (बिनसळ्यांचं साधं काँक्रीट). पाइप उताराकडे मोकळा सोडता आला तर उत्तम. सपाट जागेत कोपऱ्यात ३०० मि.मी.चा उभा पाइप, ज्यातून सबमर्सिबल पंप खाली उतरेल. तळाच्या ड्रेनमध्ये दाब सोडणारा व्हॉल्व्ह असतो, पण चिकणमातीचा गाळ बसून तो अडकतो. एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

काँक्रीट एम ३० मजबुतीचं, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ पर्यंत, स्टीलवर ४५ मि.मी. कव्हर (सळीबाहेरचा काँक्रीटचा थर). खाडीची रेती अजिबात नाही, क्रश सँड (दगड भरडून केलेली रेती) वापरावी. तळ आणि भिंतीच्या सांध्यात पीव्हीसी वॉटरबार (पाणी अडवणारी पट्टी). सेंटरिंगवाले (काँक्रीटचे साचे लावणारे) साचे बांधायला जी आरपार तार घालतात, ती भिंतीत राहू द्यायची नाही. बहुतेक गळत्या तिथूनच निघतात. टाइल्सआधी पूल भरून पायरीवर पाण्याची बादली ठेवायची. बादलीतलं पाणी उन्हाने जेवढं उतरतं, तेवढंच पुलाचं उतरायला हवं. जास्त उतरलं तर गळती आहे.

भोवतालची फरशी पुलाला जोडून ओतू नये. मधे १२ मि.मी. फट ठेवून सीलंट भरावा आणि फरशीला ५० ला १ उतार बाहेरच्या बाजूला द्यावा. माती फुगते-आक्रसते तेव्हा फरशी हलते, आणि जोडलेली असेल तर पुलाची कडा घेऊन हलते.

राहिली गणपतीआधी पूल रिकामा करून घासण्याची टूम. नेमकं तेव्हाच जमिनीत पाणी सगळ्यात वर असतं. पाहुणे यायचे असतील तर व्हॅक्यूमने गाळ काढा, क्लोरिनचा डोस वाढवा, पाणी तसंच ठेवा. रिकामा करणं अगदीच टळत नसेल तर उभ्या पाइपमध्ये दोरीला दगड बांधून पातळी मोजा. पाणी तळाच्या स्लॅबखाली गेल्याशिवाय पुलाचा पंप लावू नका, आणि पूल पुन्हा भरेपर्यंत कोपऱ्यातला पंप चालूच ठेवा. लाइट जाते, म्हणून जनरेटर जवळ असू द्या.