मामांच्या कारखान्यातलं लिनक्स

आमचे मामा सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे माग चालवतात. ऑफिस म्हणजे मागाच्या शेडलाच लागून एक खोली, मधे प्लायवूडची भिंत, फोनवर बोलायचं तर ओरडूनच. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि दिवाळीत मामा म्हणाले, "अरे ते कॉम्प्युटर आता भंगारात घालायचं का, की तुझं ते फुकटातलं लिनक्स टाकतोस?" मी म्हटलं टाकतो की.

मशीन म्हणजे कोअर टू ड्युओ, जी३१ चिपसेटचा बोर्ड, ४ जीबी रॅम. हिशेबाचं सगळं लॅपटॉपवर विंडोजमध्येच आहे, ते हलवायचं नव्हतं. या जुन्या डब्याने फक्त टॉवेलच्या डिझाइनच्या फायली, बिलांचे स्कॅन आणि फोटो सांभाळायचे, लॅपटॉपवरून सांबाने (लिनक्सचं फोल्डर नेटवर्कवरून विंडोजला दाखवणारा प्रोग्राम) ते फोल्डर उघडायचं, बास. २४० जीबीची एसएसडी घेतली, पेनड्राइव्हवर डेबियन १३ (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं. (प्रोसेसर ६४ बिटचा आहे ना ते आधी बघा हं, १३ पासून डेबियनने ३२ बिटचा इन्स्टॉलरच बंद केलाय.)

इन्स्टॉल सुरू केलं आणि अर्ध्यात मशीन खट्कन बंद. परत लावलं, परत बंद, कधी पार्टिशनला कधी पॅकेज उतरवताना, आणि मामा मागे चहा पीत उभे. मला आधी वाटलं पेनड्राइव्ह खराब, मग वाटलं रॅम, मग आठवलं की टेक्स्ट इन्स्टॉलरमध्ये ऑल्ट आणि एफ४ दाबलं की चौथ्या स्क्रीनवर लॉग, म्हणजे मशीन काय करतंय त्याची नोंद, पळत असतो. तिथं ओळ होती, 'कोअर टेंपरेचर अबव्ह थ्रेशोल्ड', आणि तीच ओळ परत परत. कॅबिनेट उघडलं तर सीपीयूच्या पंख्याखाली हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) दिसतच नव्हता, नुसती रुई. मागातून उडणारं तूस वर्षानुवर्षं आत ओढलं जाऊन पंख्याच्या खाली अशी जाड गादी झालेली, कात्रीने कापून काढली खोटं नाही सांगत. मामा म्हणाले, "बघ, आमच्या कॉम्प्युटरला पण सोलापुरी चादर."

जॉबरकाका (माग दुरुस्त करणारे) लगेच हवेचा पाइप घेऊन आले. त्यांना सांगितलं पंखा बोटाने धरून ठेवा, हवेने गरगर फिरवू नका, एकतर बेअरिंग जातं आणि पंखा उलटा करंट पण तयार करतो. थर्मल पेस्ट बदलली आणि पंचवीस मिनिटांत इन्स्टॉल पूर्ण. आधी बंद पडायचं तेव्हा डिस्कवर लॉग काहीच सापडला नसता, कारण प्रोसेसर जास्तच तापला की वीजच तोडतो, लिहायला वेळ मिळत नाही. लाइव्ह बघितलं म्हणून कळलं.

दोन महिने मजेत गेले. लिनक्सचा पासवर्ड असला तरी सांबाचा पासवर्ड स्वतंत्र सेट करावा लागतो यावर एक संध्याकाळ घालवली, ते सोडा. यूएसबीची एक बाहेरची हार्डडिस्क लावली, रात्री दोनला क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम चालवणारा प्रोग्राम) आरसिंकने (कॉपी करणारा प्रोग्राम) सगळी कॉपी तिच्यावर जाते असं केलं.

मग जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीनंतर सकाळी फोन. "तुझं लिनक्स झोपलंय बघ."
"स्क्रीनवर काय दिसतंय मामा?"
"काळं. त्यावर पांढरं इंग्रजी."

जुळे सोलापूरहून गाडी काढून गेलो. चालू केलं की दीड मिनिट 'स्टार्ट जॉब इज रनिंग' म्हणत वाट बघतंय, मग इमर्जन्सी मोड, आणि त्यात खाली 'रूट अकाउंट इज लॉक्ड', एंटर दाबलं की परत तेच. हे माझंच पाप. इन्स्टॉल करताना रूटचा (सगळे अधिकार असलेल्या खात्याचा) पासवर्ड रिकामा सोडला होता, म्हणजे डेबियन रूटला कुलूप लावतं आणि त्याऐवजी आपल्या खात्याला सुडोने ते अधिकार देतं, रोजच्या वापराला ते चांगलंच आहे पण इमर्जन्सीत आत जायला दारच राहत नाही. मग ग्रबच्या (मशीन चालू होताना लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) मेनूत ई दाबून, 'लिनक्स' ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी इनिट इक्वल टू स्लॅश बिन स्लॅश बॅश लिहिलं, एफ१० दाबलं, तर थेट शेल, म्हणजे कमांड लिहायची जागा, मिळाली. तिथं डिस्क रीड ओन्ली असते, ती लिहिता येईल अशी रीमाउंट करून एफएसटॅब फाइल (कुठली डिस्क कुठं जोडायची त्याची यादी) उघडली, आणि बॅकअप डिस्कची ओळ बघत असतानाच लक्षात आलं की ती डिस्क टेबलावर नाहीच. टॉवेलच्या गठ्ठ्यामागे पडलेली. ती लागायची त्या यूएसबी पोर्टात जॉबरकाकांचा मोबाइल चार्जिंगला.

काकांना काय बोलणार, पंखा त्यांनीच साफ केलेला. एफएसटॅबमधल्या ओळीत नोफेल घातलं, म्हणजे डिस्क नसली तरी मशीन अडून बसणार नाही, आणि वाट बघायची वेळ दहा सेकंद केली. घरी आलो, खूश.

खरा घोळ तर त्या नोफेलनंतरच झाला. दहा-बारा दिवसांनी मामा म्हणतात फायली सेव्ह होत नाहीत. एसएसएचने घरूनच आत गेलो, डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) मारलं तर एसएसडी १०० टक्के भरलेली. डीयूने (फायलींचे आकार मोजणारी कमांड) एसएसडी मोजली तर सगळं मिळून ११५ जीबी. उरलेले शंभर जीबी कुठं गेले? डिलीट केलेली पण अजून उघडी असलेली फाइल असेल म्हणून एलएसओएफने (उघड्या फायलींची यादी देणारी कमांड) बघितलं, नाही. जर्नल, म्हणजे सिस्टिमचा लॉग, बघितलं, किरकोळ. रात्री साडेबारापर्यंत तेच, बायको म्हणाली झोपा आता, तो डबा कुठं पळून जात नाही.

अंथरुणावर पडल्यावर पेटलं. डिस्क परत कोणीतरी काढली असणार, मशीन नोफेलमुळे गपचूप चालू झालं असणार, आणि रात्री दोनला आरसिंकने स्लॅश बॅकअप या (बाहेरची डिस्क जिथं जोडली जाते त्या) फोल्डरमध्ये इमानदारीत कॉपी केली असणार. पण डिस्क माउंट नसेल, म्हणजे तिथं जोडलेली नसेल, तर ते फोल्डर म्हणजे एसएसडीवरचंच एक साधं फोल्डर! मग नंतर डिस्क लागली, मशीन रिस्टार्ट झालं, डिस्क त्या फोल्डरवर बसली आणि खालची कॉपी तिच्याखाली झाकली गेली. डीयू वरचंच बघतं, त्याला खालचं दिसत नाही, डीएफ मात्र ब्लॉक मोजतं म्हणून ते खरं बोलत होतं. सकाळी डिस्क युमाउंट केली तर फोल्डरमध्ये अख्खा माल. उडवताना तीनदा खात्री केली की डिस्क खरंच निघालीय, नाहीतर बॅकअपच उडवला असता. आता स्क्रिप्टमध्ये आरसिंकच्या आधी माउंटपॉइंट मायनस क्यू या कमांडने डिस्क जोडलीय का ते तपासतो, डिस्क नसेल तर कॉपीच नाही. आणि काकांना पाच रुपयांच्या पेढ्यासकट एक चार्जर दिला.

एप्रिलमध्ये दुपारभर लाइट गेली. आली तरी मशीन चालू होईना, म्हणजे बटण दाबलं की पंखा फिरतो पण लॅपटॉपवर फोल्डर दिसत नाही. मी बायॉसमध्ये (बोर्डवरचा, लिनक्सच्याही आधी चालणारा प्रोग्राम) सेटिंग करून ठेवलेलं की लाइट आली की आपोआप चालू हो, आणि कीबोर्ड-मॉनिटर तर काढूनच टाकलेला. मॉनिटर जोडला तर, सीमॉस चेकसम एरर, प्रेस एफ१. सीमॉस म्हणजे बायॉसचं सेटिंग जिथं साठतं ती मेमरी. कीबोर्डच नाही तर एफ१ कोण दाबणार, बसलंय बिचारं दुपारपासून. बोर्डवरचा सेल संपलेला. प्लग लावलेला असला की स्टँडबायच्या विजेवर सीमॉस टिकतं, म्हणून सेल कधी मेला ते कळलंच नाही, लाइट गेल्यावर सगळं सेटिंग पुसलं गेलं आणि 'आपोआप चालू हो' हेही त्यातच गेलं. नव्या पेठेत घड्याळाच्या दुकानातून सीआर २०३२ आणला, सेटिंग परत केलं, आणि बायॉसमधलं हॉल्ट ऑन 'नो एरर्स' वर टाकलं, म्हणजे कीबोर्ड नाही म्हणून अडून बसणार नाही.

मामांना अजूनही वाटतं की सगळं लिनक्सनेच केलं. तरी परवा म्हणाले घरच्या कॉम्प्युटरवर पण टाक. रविवारी जाणार आहे, पेनड्राइव्हबरोबर ब्रश, पेस्ट आणि दोन सेल पिशवीत टाकलेत.