स्टोरेजची आवराआवर वर्कफ्लोकडे, पुसायचं बटण मात्र माझ्याकडे

होमलॅबवाल्या (घरीच सर्व्हर चालवणाऱ्या) मंडळींसाठी प्रगतीची नोंद. क्रॉनटॅबमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या क्रॉनच्या यादीत) इकडेतिकडे पसरलेली स्टोरेजची जवळपास सगळी कामं आता एन-एट-एनमध्ये (n8n, कामाच्या पायऱ्या जोडून वर्कफ्लो बनवायचं साधन) आली आहेत: झेडएफएस या फाइल सिस्टिमचे स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या डेटाची गोठवलेली प्रत), स्क्रब (साठवलेला डेटा शाबूत आहे का याची तपासणी), डिस्कच्या चाचण्या, रेस्टिक या बॅकअप प्रोग्रामचा बॅकअप, जागेचा हिशेब. एकच काम अर्धवट सोपवलंय, आणि तेही मुद्दाम. जुने स्नॅपशॉट पुसणं. ही नोंद बरीचशी त्याबद्दलच आहे.

क्रॉनबद्दल तक्रार नाही. पण त्याला वेळ कळते, क्रम कळत नाही. बॅकअप लांबला की त्याच्या डोक्यावर स्क्रब येऊन बसायचा आणि दोन्ही रखडायचे. वर्कफ्लोत ‘हे नीट संपलं तरच ते’ असं सरळ मांडता येतं. नोड-रेड या तशाच दुसऱ्या साधनानेही हे झालं असतं, पण एन-एट-एनमध्ये प्रत्येक रनमध्ये कुठल्या नोडमध्ये (पायरीत) काय गेलं आणि काय बाहेर आलं हे मागे जाऊन बघता येतं. भानगड झाली की मला तेच हवं असतं. (जुन्या रनच्या नोंदी तो काही काळाने स्वतःच साफ करतो, मूळ मुदत ३३६ तास, म्हणजे दोन आठवडे. महिन्यातून एकदा चालणाऱ्या कामांसाठी ती वाढवून घ्या.)

मांडणी थोडक्यात. एन-एट-एन वेगळ्या छोट्या मशीनवर आहे, कारण ज्या पूलवर (झेडएफएसने एकत्र बांधलेल्या डिस्कवर) लक्ष ठेवायचं त्याच पूलवर पहारेकरी बसवण्यात अर्थ नाही. डॉकरमध्ये, म्हणजे बाकी मशीनपासून अलग अशा कंटेनरमध्ये, असल्यामुळे एक्झिक्यूट कमांड नोड कंटेनरच्या आत चालतो, स्टोरेजच्या मशीनवर नाही. म्हणून सगळा कारभार एसएसएच नोडवर, तो दुसऱ्या मशीनवर लॉगिन करून कमांड चालवतो. टाइमझोन आधी बदला, स्वतः होस्ट केल्यावर मूळ सेटिंग न्यूयॉर्कचं असतं. आणि एन्क्रिप्शन की वेगळी जपून ठेवा. ती हरवली तर डेटाबेसचा बॅकअप असूनही त्यातली क्रेडेन्शियल्स (साठवलेले पासवर्ड वगैरे) उघडणार नाहीत.

डिस्कच्या आरोग्याचा वर्कफ्लो सोपा वाटला होता, पण घोडं एक्झिट कोडपाशी, म्हणजे कमांड संपताना जो आकडा देते त्यापाशी, अडलं. डिस्कची तब्येत विचारणाऱ्या स्मार्टसीटीएल कमांडचा एक्झिट कोड म्हणजे ‘शून्य तर ठीक, नाहीतर बिघाड’ असा मामला नाही. तो आठ बिटांचा निरोप आहे. १, २ आणि ४ म्हणजे कमांडच नीट चालली नाही. ८ म्हणजे डिस्क स्वतःच ‘मी चालले’ म्हणतेय. ६४ म्हणजे एरर लॉगमध्ये काहीतरी नोंद आहे, आणि ती कैक महिन्यांपूर्वीची एकच नोंदही असू शकते. शून्य नसलेल्या प्रत्येक कोडवर अलर्ट लावला तर जुनी एरर असलेली डिस्क रोज बोंब मारणार आणि आपण ती बोंब ऐकेनासे होणार. म्हणून कोड नोडमध्ये बिट वेगळे काढतो: ८ आला की तातडीचा निरोप, ६४ आला तर फक्त एरर्सची संख्या कालच्यापेक्षा वाढली का ते बघायचं. शिवाय ५, १९७ आणि १९८ (बदललेले, संशयित आणि न वाचता येणारे सेक्टर) हे अ‍ॅट्रिब्यूट रोज टिपून ठेवतो. एका दिवसाच्या आकड्यावरून फारसं कळत नाही, तो वाढत चाललाय का हे महत्त्वाचं. सातव्या आवृत्तीपासून स्मार्टसीटीएल जेसनमध्ये (प्रोग्रामला थेट वाचता येणाऱ्या रचनेत) उत्तर देतो, त्यामुळे मजकूर चिरत बसावं लागत नाही. ओपनझेडएफएसमध्येही २.३ पासून ही सोय आली आहे.

रेस्टिकचंही असंच. एक्झिट कोड ३ म्हणजे बॅकअप झाला, पण काही फाइली वाचता आल्या नाहीत. याला यशही म्हणता येत नाही आणि अपयशही, म्हणून त्याला वेगळी फांदी दिली आहे.

आता पुसण्याकडे. स्नॅपशॉट घेणं पूर्ण स्वयंचलित केलं तरी फार तर काय होईल, जागा भरेल. पुसणं स्वयंचलित केलं आणि अट चुकली तर सावरायला काही उरत नाही. शिवाय किती जागा मोकळी होईल हे डोळ्यांना दिसतं तसं नसतं. समजा, ४० जीबीची फाइल लागोपाठच्या तीन स्नॅपशॉटमध्ये आहे आणि मूळ जागेवरून उडवली आहे. यादीत तिन्हींच्या ‘यूज्ड’ रकान्यात जवळपास शून्य दिसेल, कारण त्या रकान्यात फक्त त्या एकट्या स्नॅपशॉटने धरलेले ब्लॉक मोजतात. त्यांतले दोन पुसा, काहीच मोकळं होत नाही. तिसरा पुसला की ४० जीबी एकदम. तेव्हा ‘सगळ्यात जास्त यूज्ड असलेले आधी उडव’ हा नियम ऐकायला शहाणा आणि वापरायला बिनकामाचा. खरा आकडा हवा तर डिस्ट्रॉय कमांड ड्राय रनमध्ये पूर्ण रेंज देऊन चालवायची. ती काहीही न पुसता एकूण किती जागा परत मिळेल ते सांगते.

त्यामुळे वर्कफ्लो असा बसवला आहे. पूल ८० टक्क्यांकडे सरकला की मुदत संपलेल्या स्नॅपशॉटची यादी काढायची, ड्राय रन करायचा, आणि नावं व मिळणारी जागा असा निरोप माझ्या फोनवर पाठवायचा. मग वेट नोड. मी होकार दिला तरच पुढे, ठरावीक वेळेत उत्तर नाही आलं तर काम रद्द.

यात एक मेख आहे. आधी होकारासाठी निरोपातच साधी लिंक ठेवली होती आणि चाचणीच्या पूलवर चालवून पाहिलं. मी लिंकला हात लावायच्या आत वर्कफ्लो पुढे गेला! चॅट अ‍ॅपने प्रीव्ह्यू दाखवण्यासाठी लिंक स्वतःच उघडली होती, आणि वेट नोडला तेवढं पुरतं. आता वेट नोड फॉर्मवर ठेवलाय: पान उघडल्याने काही होत नाही, बटण दाबावं लागतं.

होकार आल्यावर यादी पुन्हा काढत नाही. मला जी दाखवली तीच पुसायची, तीही नावावर विसंबून नाही, प्रत्येक स्नॅपशॉटचा जीयूआयडी (झेडएफएसने दिलेला ओळख क्रमांक) जुळला तरच. मध्ये कोणी त्याच नावाचा नवा स्नॅपशॉट घेतला असेल तर तो वाचतो. दुसऱ्या मशीनवर शेवटचा पाठवलेला स्नॅपशॉट होल्ड करून (पुसता येऊ नये असा अडकवून) ठेवतो, म्हणजे घाईघाईत होकार दिला तरी झेडएफएसच नकार देतं आणि इन्क्रिमेंटल सेंडची (फक्त बदल पाठवण्याची) साखळी तुटत नाही. रोजच्या कामाच्या एसएसएच खात्याला पुसण्याची परवानगीच दिलेली नाही. त्यासाठी वेगळं खातं, आणि त्याची की एकच ठरलेली स्क्रिप्ट चालवू शकते.

अलर्टबद्दल थोडं. ३१ जानेवारी २०१७ चा गिटलॅब या कोड साठवण्याच्या सेवेचा किस्सा बऱ्याच जणांना माहीत असेल. चुकून मूळ डेटाबेसची डिरेक्टरी उडाली, आणि मग कळलं की रोजचा डेटाबेस डंप आवृत्ती न जुळल्याने कधीचा फसत होता. फसल्याच्या ईमेल जात होत्या, पण डीमार्क या ईमेल पडताळणीमुळे त्या नाकारल्या जात होत्या. म्हणून ‘फसलं तर कळव’ यावर मी थांबत नाही. प्रत्येक वर्कफ्लो यशस्वी झाला की शेवटी हेल्थचेक्स या पहाऱ्याच्या सेवेला एक पिंग (‘झालं’ असा छोटा इशारा) पाठवतो, आणि पिंग ठरलेल्या वेळी आला नाही तर हेल्थचेक्स ओरडतो. एन-एट-एनच बंद पडला तरी कळतं. मात्र हा पहारा त्याच मशीनवर ठेवू नका.

सध्या हातात आहे तो रिस्टोरचा सराव. रेस्टिकच्या चेक कमांडला दर वेळी रिपॉझिटरीचा (बॅकअपच्या साठ्याचा) एक भाग प्रत्यक्ष वाचायला लावतो, पण त्यातून ब्लॉक शाबूत आहेत एवढंच कळतं, माझी फाइल मला परत मिळते का हे नाही. म्हणून यादृच्छिक काही फाइली तात्पुरत्या जागी रिस्टोर करून त्यांचे हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) त्याच वेळच्या स्नॅपशॉटमधल्या फाइलींशी ताडायचे आहेत. अडचण एवढीच, की तोवर तो स्नॅपशॉट पुसलेला असला तर ताडायचं कशाशी? बॅकअप होतानाच हॅशची यादी करून ठेवणं हा एक उपाय दिसतोय, पण मोठ्या डेटासेटवर त्याला वेळ फार लागतो. कोणी यातून वेगळी वाट काढली असेल तर जरूर सांगा.